खिडकीतलं ताट

गेल्या पंधरा वर्षांत मी पाच युद्धं पाहिली. प्रत्येक वेळी सोलापुरातून गुपचूप निघायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हार घेऊन उभं राहिलं. या वेळी सात रस्त्याजवळच्या आमच्या दारात सकाळी सहालाच शिवानंदची गाडी लागली.

शिवानंद हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मोहोळला त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपात तांब्याची तार पुन्हा भरण्यात त्याच्यासारखा हात तालुक्यात नाही, आणि अभिनंदनाच्या पोस्टी टाकण्यातही नाही. कुणाची बदली झाली, कुणाला नात झाली, की तासाभरात त्याची पोस्ट पडते. कोपऱ्यात हात जोडलेला त्याचा स्वतःचा फोटो, खाली ‘शुभेच्छुक’. माणूस निर्मळ आहे. स्वतःच्या दुकानाची जाहिरात त्याने कधी केली नाही. त्याला दुसऱ्यांचीच हौस.

निघताना महादेवीने, म्हणजे माझ्या बायकोने, अट घातली.

“रोज ताटाचा फोटो पाठवायचा.”

“ठीक आहे असं लिहीन की रोज.”

“ठीक हाय म्हणून तुमी आयसीयूतनं बी लिवाल. मला ताट दिसलं पायजे. माणूस जेवतंय म्हंजे जित्तं हाय.”

आधीच्या चार युद्धांत मी तिला बरंच खोटं लिहिलं होतं.

मोहोळात शिवानंदने गाडी दुकानासमोर थांबवली. डिकीतून माझं ‘प्रेस’ लिहिलेलं चिलखती जाकीट काढलं आणि ते घालून उभं राहायला लावलं. चहाच्या टपरीवरची माणसं जमली. एकाने विचारलं, “पावनं, गोळी खरंच थांबतीया का ह्यात?”

“समोरून आली तर.”

“आन् वरनं?”

त्या टपरीवर कुणीतरी मला हे विचारावं आणि मुंबईपासून दिल्लीपर्यंतच्या बातमीदारांच्या प्रशिक्षण शिबिरांत कुणी विचारू नये, याची मी मनात नोंद केली. हल्लीच्या युद्धात सगळं वरूनच येतं.

“दाजी, छाती फुगवा की जरा,” शिवानंद म्हणाला.

“फुगवली तर जाकीट बसत नाही.”

हसत-खेळत फोटो झाला. पुण्यापर्यंत पोहोचायच्या आत ती पोस्ट पडलीही होती.

पुढचे तीन दिवस प्रवासात गेले. वॉर्सापर्यंत विमान, तिथून सीमेपर्यंत रेल्वे, सीमेपलीकडे दुसरी रेल्वे. युक्रेनच्या रेल्वेत डब्याच्या काचांना आतून चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, फुटल्या तर उडू नयेत म्हणून. बाकी सगळं नको इतकं व्यवस्थित. स्वच्छ चादरी, पितळी धारकातला काचेचा ग्लास, गरम चहा. ज्या देशावर रोज क्षेपणास्त्रं पडतात त्याच्या गाड्या वेळेवर धावत होत्या, आणि या गोष्टीने मला धीर यायच्या ऐवजी धसका बसला. एवढी शिस्त लागण्याइतके दिवस हे चाललं आहे तर.

खारकिव्हचं स्टेशन मोठं आणि देखणं आहे. युद्धात देखण्या इमारतींपासून मी लांब राहतो, त्या नकाशावरही ठळक असतात. फलाटावर तारास उभा होता. माझा दुभाषा आणि ड्रायव्हर, बेचाळीस वर्षांचा, मूळचा भूगोलाचा मास्तर. त्याची शाळा आता मेट्रोच्या भुयारात भरते. “भूगोल शिकवायला भुयारासारखी जागा नाही,” तो इंग्रजीत म्हणाला, “मुलांना क्षितिज तोंडी सांगावं लागतं.” त्याचा चेहरा हसरा नव्हता.

पहिल्या दिवसाचं ताट: ह्रेच्का (कुट्टूचे उकडलेले दाणे), काकडीचं लोणचं, काळा पाव. मी शाकाहारी आहे हे ऐकून खानावळीतल्या बाईंनी दिलगिरी व्यक्त केली आणि आजार किती दिवसांचा आहे ते विचारलं. मी फोटो काढला. मागे कोरी भिंत, फोनचं लोकेशन बंद. हा नियम मी स्वतः नवख्या बातमीदारांना शिकवतो: खिडकी नको, पाटी नको, झाड नको, सावलीही नको. शत्रू बातमी वाचत नाही, फोटोची पार्श्वभूमी वाचतो. शिबिरात हे वाक्य मी अंमळ थाटातच म्हणतो.

पाचव्या दिवशी आम्ही पूर्वेकडच्या एका गावात गेलो. त्याचं नाव मी आजही लिहीत नाही. शेवटचे काही किलोमीटर रस्त्यावर दोन्ही बाजूंनी खांब रोवून वर मासेमारीच्या जाळ्या ताणल्या होत्या, ड्रोन अडकावेत म्हणून. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेवर टाकतात तशाच. जाळीखालून गाडी जाताना डॅशबोर्डवरची एक छोटी डबी अधूनमधून वाजायची. जवळ ड्रोन आला की ती वाजते.

“वाजली की काय करायचं?” मी विचारलं.

“जोरात जायचं.”

“आणि जास्त वाजली तर?”

“मग बहुतेक काही करायचं नसतं.”

मी जाकिटाच्या पट्ट्या घट्ट केल्या. मोहोळच्या टपरीवरचा प्रश्न आठवला. पंधरा वर्षांच्या सरावाने भीती कमी होत नाही, तिचं वेळापत्रक तेवढं कळतं.

गावात एक जुनं वाचनालय होतं. तळघरात जखमींना पहिला उपचार देण्याची जागा केली होती. आघाडीवरून आलेल्याचं रक्त इथे थांबवायचं, जगण्याइतका स्थिर करायचा आणि पुढे शहरातल्या मोठ्या इस्पितळात धाडायचा. अशा जागा सापडल्या की त्यांच्यावर बॉम्ब पडतात, म्हणून बाहेर ना लाल खूण, ना रुग्णवाहिका. आत एक डॉक्टरीणबाई, चार मदतनीस आणि त्या दिवशी नऊ जखमी. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर. हलीना नावाच्या साठीतल्या बाई तिथे रांधायच्या. पूर्वी त्या याच वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. रिकाम्या कपाटांवर अजून ‘इतिहास’, ‘शेती’, ‘काव्य’ अशा चिठ्ठ्या होत्या. ‘काव्य’ मध्ये कांदे ठेवले होते.

आदल्या संध्याकाळी महादेवीचा फोन आला होता. “कुटं हाय तुमी?”

“सुरक्षित जागी जातोय उद्या. जखमी सैनिकांचा दवाखाना आहे.”

“लढाईपास्न किती लांब?”

“बारा किलोमीटर.” मी खरं सांगितलं, कारण बारा हा आकडा मला लांबचा वाटला. तिला तो सोलापूर ते शेजारच्या बाळे गावाएवढा जवळचा वाटला असणार.

दुपारी वीज गेली. स्वयंपाकघराच्या एकुलत्या खिडकीवर प्लायवूडची फळी ठोकलेली असायची. वीज नसताना हलीनाबाई ती तासभर काढायच्या. त्या प्रकाशात त्यांनी माझं ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं: बटाट्याचे वरेनिकी (आपल्या करंजीसारख्या उकडलेल्या), वर तळलेला कांदा, शेजारी माझ्या डब्यातली शेंगाचटणी. ती चाखून त्यांनी डोळे पुसले आणि अजून मागितली. आठवडाभरात एवढं चांगलं ताट पाहिलं नव्हतं. मी फोन काढला. भूक होती, ऊन ताटावर तिरपं पडलं होतं, आणि महादेवीला दाखवायचं होतं की बघ, कसं जेवतो आहे.

फोटो काढला. पाठवला. जेवलो. तारासने वाडगा पुसून खाल्ला.

अडीच तासांनी महादेवीचा निरोप दिसला: “शिवानंदाला धाडला हुता, त्यानं तुमचा फोटो टाकलाय. समदे विचारायलेत.”

मी पोस्ट उघडली. माझं ताट. ताटाच्या मागे, आरपार स्वच्छ, खिडकीबाहेरचं गाव: पाण्याची उंच लोखंडी टाकी, टाकीवर करकोच्यांचं मोठं रिकामं घरटं, त्याच्या डावीकडे अर्धं पडलेलं धुराडं. वर शिवानंदचा मजकूर: “आमचे दाजी, सोलापूरचे सुपुत्र, युक्रेनच्या आघाडीपासून फक्त बारा किलोमीटरवर जखमी सैनिकांच्या गुप्त दवाखान्यात भोजन करताना. शेंगाचटणी पोहोचली रणांगणात!”

‘गुप्त’ हा शब्द त्याने स्वतःच्या मनाने घातला होता. बातमीला वजन यावं म्हणून.

शेंगाचटणीमुळे ती पोस्ट कुठल्या कुठे गेली होती. अनोळखी पानांनी उचलली होती. मी शिवानंदला फोन लावला.

“दाजी! बघितला का? लई लोकांनी...”

“काढ. आत्ताच्या आत्ता काढ.”

“आं? का?”

“शिवानंद, माणसं मरतील. काढ.”

मग फक्त, “काढतो.” त्याने काढली. पण ज्यांनी उचलली होती त्यांच्या पानांवर ती राहिलीच. त्यातल्या एका पानाखाली, अभिनंदनाच्या आणि हात जोडल्याच्या खुणांच्या गर्दीत, एक ओळ वेगळ्या लिपीत होती. मी तारासला फोन दिला.

त्याने ती दोनदा वाचली. “रशियन आहे,” तो म्हणाला. “लिहिलंय, ‘घरटं सुंदर आहे. गाव कोणतं?’”

पक्ष्यांचा कुणी हौशी अभ्यासक असेल. असू शकतो.

“गाव शोधायला किती वेळ लागेल?” मी विचारलं.

तारासने फोटो मोठा केला. टाकीची सावली बोटाने मोजली, उन्हाची दिशा पाहिली, आपल्या फोनवर उपग्रहाचा नकाशा काढला. मास्तर फळ्यावर गणित सोडवतो तसा तो शांतपणे सरकत गेला आणि एका ठिपक्यावर थांबला. “मला सात मिनिटं लागली,” तो म्हणाला. “मला गाव आधीच माहीत होतं. त्यांना वीस लागतील.”

तळघराच्या अकरा पायऱ्या मी उतरलो. एवढी भीती मला जाळीखालच्या रस्त्यावरही वाटली नव्हती. बॉम्बच्या भीतीत आपण एकटे असतो. ही नऊ माणसांची होती आणि ती मी पाठवली होती.

डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. तारासने सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. “कुठली खिडकी?” एवढंच विचारून वर आल्या, माझ्या जागी उभ्या राहिल्या, टाकीकडे पाहिलं. मग खाली जाऊन हुकूम दिला: जागा सोडायची. बसू शकणारे सहा जण दोन गाड्यांतून लगेच. आडवे तिघे अंधारून येताना, कारण त्या अर्ध्या तासात ड्रोनचा दिवसाचा कॅमेरा निकामी होतो आणि रात्रीचा अजून नीट लागलेला नसतो. तोपर्यंत पावणेदोन तास होते. त्या पावणेदोन तासांत वरून काही आलं, तर आलं.

“मी काय करू?” मी विचारलं.

“त्याच्याजवळ बसा. त्याला हलू देऊ नका.”

तो वासिल होता, आडव्या तिघांतला एक. पन्नाशीचा, मांडीत धातूचे तुकडे, रक्त जेमतेम थांबलेलं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हा भारतातून आलेला आहे. तारासच्या मार्फत त्याने विचारलं, “तुमच्याकडे साखर कशाची करतात?”

“उसाची.”

“बिटाची नाही?”

“नाही.”

तो या गोष्टीवर बराच विचार करत राहिला. तो साखर कारखान्यात फिटर होता. मी सांगितलं, माझे वडील श्रीपूरच्या कारखान्यात होते, लहानपणी गळीत हंगामात घरभर गुळचट वास असायचा. त्याने डोळे मिटून मान हलवली. “ऑक्टोबर,” तो म्हणाला. त्यांचाही हंगाम याच दिवसांत सुरू होतो. मग गिअरबॉक्सबद्दल काहीतरी बोलला, ज्याचं तारासला भाषांतर करता आलं नाही आणि मला कळलं नसतं. आपल्या माघारी ती मशिनं कोण बघत असेल याची त्याला काळजी होती. सगळ्यांना का हलवताहेत हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मी पुष्कळदा ठरवून पाहिलं आहे.

वर कुठे खुट्ट झालं की मी छताकडे बघायचो. एकदा दूर धडाम झालं आणि मी स्ट्रेचरखाली डोकं घातलं. वासिल हसला आणि हसण्याने कळवळला. हलीनाबाई भांडी खोक्यात भरत होत्या. एकदा खाली आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि शेंगाचटणीचा डबा माझ्या पिशवीत ठेवून गेल्या. त्यांना कळलं होतं.

ऊन उतरलं. स्ट्रेचरचा एक कोपरा मी धरला. जाळीचा रस्ता टाळून गाडी शेतातून घातली, कारण पत्ता फुटला असेल तर रस्त्यावरही नजर असेल. नांगरलेल्या रानातून गाडी उसाच्या ट्रॉलीसारखी डोलत होती. मी सलाईनची बाटली वर धरून बसलो होतो आणि डबी वाजते का ते ऐकत होतो. एकदा वाजली. दोनदा. मग थांबली. मी इतका कान देऊन ती डबी ऐकत होतो की वासिलचं कण्हणं थांबल्याचं मला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंना कळलं. त्यांनी गाडी थांबवली, मांडीवरचा रक्त थांबवणारा पट्टा पुन्हा आवळला, छातीवर हात दाबत राहिल्या. मग हात काढून घेतले.

त्या संध्याकाळी त्या गावावर काहीही पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

नव्या जागी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तिथेच राहिला असता तर वाचला असता का? त्या म्हणाल्या, “माहीत नाही. वाटेत रक्त पुन्हा सुरू झालं, एवढं माहीत आहे.” आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. परतीच्या वाटेवर मी तारासला म्हणालो की हा माणूस मी मारला. तो म्हणाला, “ज्यांनी त्याच्या मांडीत लोखंड घातलं त्यांचं श्रेय तू एकटा घेऊ नकोस.” थोड्या वेळाने, “पण थोडं घे.”

दोन आठवड्यांनी मी परतलो. त्या दोन आठवड्यांत मी सहा बातम्या पाठवल्या, सगळ्या व्यवस्थित, कुठल्याच खिडकीतल्या नाहीत. महादेवीला ताटाऐवजी रोज फोन केला. तिनेही ताट मागितलं नाही.

पुण्याच्या विमानतळाबाहेर शिवानंद उभा होता. हार नव्हता, फोन खिशात. दाढी वाढलेली. त्याने बॅग घेतली, गाडी सुरू केली, आणि भिगवण येईपर्यंत तो रस्त्याशिवाय कशाकडे पाहत नव्हता. पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, दोन-दोन जोडलेल्या.

“दाजी,” तो शेवटी म्हणाला, “त्यो दवाखाना?”

“उभा आहे. तारासने कळवलं काल. काही पडलं नाही त्याच्यावर.”

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की समोरची काच धुरकटली. “लई भ्यालो दाजी. पंधरा दिस झालं, दुकानात तार हातात धरवंना. म्हंजे समदी वाचली की!”

इथे थांबता आलं असतं. इमारत उभी आहे हे खरंच होतं. बायकोला आजवर अशीच अर्धी खरी वाक्यं लिहून मी घर सांभाळलं होतं, आणि बारा किलोमीटर हेही खरंच होतं.

“सगळे नाही,” मी म्हणालो. “एक जण हलवताना गेला.”

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच राहिलं.

“माझ्यामुळं.”

“फोटो मी काढला. खिडकी मला दिसत होती, तुला नव्हती. नियम मला पाठ होता, तुला कुणी सांगितलाच नव्हता.”

“पर ‘गुप्त’ मी लिवलं.”

मी त्याला नाही म्हणू शकलो नाही. मागून ट्रॉलीवाल्याने हॉर्न दिला, बाजूने जाताना काहीतरी शिवी दिली.

“नाव काय त्यांचं?”

“वासिल. साखर कारखान्यात फिटर होता.”

“फिटर,” तो म्हणाला, आणि आपले हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. तांब्याच्या तारेने कापलेली बोटं होती ती. मग त्याने गाडी रस्त्यावर घेतली.

मोहोळ आलं. दुकान आलं. टपरीवरच्या कुणीतरी हात केला. तो थांबला नाही. गाव मागे पडल्यावर म्हणाला, “तुमी ह्ये लिवणार आसाल.”

“लिहायला हवं.”

“माझं नाव घालून?”

“तू नको म्हणालास तर नाही.”

पुढचा टोलनाका येईपर्यंत तो विचार करत होता. मला वाटलं, आता नको म्हणेल. मी त्याच्या जागी असतो तर म्हणालो असतो.

“घाला,” तो म्हणाला. “पर नुस्ता सैनिक म्हणून सोडू नका त्यांस्नी. फिटर हुतं, ह्ये लिवा.”